निळ्या तापाचं आमंत्रण

"जहाज नको," बटण म्हणाला, आणि कात्रीचा हात कागदावरच थांबला.

बटण म्हणजे तिचा धाकटा भाऊ. रांगायच्या वयात एक बटण गिळून त्यानं अख्ख्या घराला दवाखान्यात पळवलं होतं, तेव्हापासून हेच नाव चिकटलं. आणि कात्री म्हणजे कात्री. तिच्या हातात कात्री नाही असं कुणी तिला क्वचितच पाहिलं असेल. वसाहतीतल्या तिन्ही इमारतींत कुणाचाही वाढदिवस असो, आमंत्रणं कात्रीच करायची. तिचं कार्ड उघडलं की आतून काहीतरी उभं राहायचं. कधी किल्ला, कधी जिराफ, एकदा तर दात काढून हसणारी मगर. शेजारच्या काकूंनी ती मगर अजून फ्रिजवर लावून ठेवली होती.

यंदा बटणाच्या वाढदिवसासाठी तिनं परीक्षा संपल्यापासून एक जहाज करायला घेतलं होतं. कार्ड उघडलं की शिडं वर यायची आणि दोरा ओढला की नांगर खाली सुटायचा. पहिला नमुना तयार होता. आता फक्त बटणानं हो म्हणायचं होतं, आणि तो म्हणणारच होता. दरवर्षी म्हणायचा.

पण यंदा जेवणाच्या टेबलाशी पाहुणी बसली होती.

पाहुणी ही त्यांची मामेबहीण. कात्रीहून एका वर्षानं मोठी. मामा कामासाठी परगावी गेला होता म्हणून सुट्टीभर इकडे राहायला आली होती. आल्या दिवशी कात्रीनं तिला मनातल्या मनात 'पाहुणी' म्हटलं, मग एकदा ते तोंडातून निसटलं, आणि सगळ्यांनी उचललं. नाव ठेवल्याचा तिला राग येईल अशी कात्रीला आशा होती. तिला ते आवडलं. ती आईला भाजी चिरून द्यायची, बाबांच्या विनोदांना हसायची, आणि बटण तिला 'ताई' म्हणायचा. कात्रीला त्यानं जन्मात कधी ताई म्हटलं नव्हतं.

"जहाज सुंदरच आहे," पाहुणी म्हणाली. हेच तर कात्रीला सहन होत नव्हतं. वाईट म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. "पण समज, आमंत्रण हातात पडताक्षणीच खेळ सुरू झाला तर?"

मग तिनं सांगायला सुरुवात केली. गावात एक साथ आली आहे. निळा ताप. पाकिटावर लाल शिक्का: 'साथनियंत्रण कक्ष, अतितातडीचे'. आत एक्स-रेचा तुकडा, मेणानं बंद केलेली निळ्या पाण्याची छोटी बाटली, मनगटाला बांधायचा रुग्ण-पट्टा, आणि एक पत्र की तुम्हाला लागण झाल्याचा संशय आहे, अमुक दिवशी तपासणीला हजर व्हा. पत्रात लक्षणंसुद्धा असतील. डावा कान खाजणं, पाय थरथरणं, पोटात गुडगुड होणं. आमंत्रण द्यायला जायचं तेही रेनकोट घालून, तोंडाला फडकं बांधून, आणि पाकीट चिमट्यात धरून.

बटण खुर्चीवर उभा राहिला. पलीकडच्या इमारतीतला लंबू, बटणाचा जिवलग मित्र, टेबलाखालून बाहेर आला. दोघांनीही डावा कान खाजवायला सुरुवात केली होती.

"आणि कापाकापीला कात्री आहेच की," पाहुणी म्हणाली.

कात्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आई समोर होती, त्यामुळे तिनं जहाज मिटलं, पुस्तकाच्या कपाटावर ठेवलं आणि हसून दाखवलं. ते हसू इतकं वाईट जमलं की आईनं विचारलं, दाढ दुखते का.

पुढचे दोन दिवस जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. बाबांच्या मोडलेल्या पायाच्या जुन्या एक्स-रेचे तुकडे कात्रीनं कापले. कडा गोल केल्या, एक तुकडा दुसऱ्यासारखा अचूक. कुणी वाहवा केली नाही. पाहुणीनं आईकडची कपड्यांची नीळ पाण्यात कालवून बाटल्या भरल्या, बुचावर मेणबत्तीचं मेण ओतलं, आणि प्रत्येकीवर लिहिलं, 'नमुना. उघडू नये'. आई म्हणाली, अगदी खऱ्या प्रयोगशाळेतल्या दिसतात गं. बाबा म्हणाले, हिला काय सुचेल सांगता येत नाही. पाहुणीनं भिंतीवर वसाहतीचा मोठा नकाशाही काढला. तीन इमारती, मधली बाग, फाटक, फाटकाजवळचा नळ, सगळं जागच्या जागी. ज्याच्या घरी आमंत्रण पोचेल त्याच्या घरावर निळी टाचणी. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, या वर्षीची आमंत्रणं म्हणजे कमालच झाली. मगरीच्या काकू! कात्री तिथून उठून गेली.

पत्रं पाहुणीनं आपल्या तिरक्या, ऐटबाज अक्षरात लिहिली. मागच्या इमारतीची पाकिटं ती आणि बटण लगेच वाटायला घेऊन गेले. उरलेली घडी घालून बंद करायला कात्रीकडे ठेवली.

कात्री पत्रांकडे बघत बसली. प्रत्येकाच्या तळाशी थोडी कोरी जागा होती. या सगळ्यात आपलं काहीच नाही, एक अक्षरसुद्धा नाही. तिनं लाल पेन उचललं आणि पहिल्या पत्राच्या तळाशी लिहिलं:

'तातडीचा आदेश. हे वाचताच कुणाशीही न बोलता फाटकाजवळच्या नळावर जा. कोपरापर्यंत हात धुवा आणि तीन खणखणीत चुळा भरा. आमचं तुमच्यावर लक्ष आहे.'

लिहिलं आणि तिलाच गंमत वाटली. मग तिनं उरलेल्या सगळ्या पत्रांवर भराभर तेच लिहिलं, घड्या घातल्या, पाकिटं चिकटवली, आणि पाहुणी परत आल्यावर चेहरा असा केला की जणू घड्या घालण्यापलीकडे तिला जगात काही येतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीत जाऊन बसली. बटण रेनकोट घालून पुढच्या दोन इमारतींत पाकिटं वाटत सुटला होता. थोड्या वेळानं पहिली मुलगी खाली आली. इकडे तिकडे न बघता थेट नळावर गेली, कोपरापर्यंत हात धुतले आणि मान मागे टाकून अशी काही गुळगुळ केली की झाडावरचे पक्षी उडाले. मग जुळे भाऊ आले. मग लंबू आला, त्यानं तर चूळ भरता भरता अर्धं पाणी पिऊनच टाकलं. नळाला रांग लागली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि सगळे वर खिडक्यांकडे चोरून बघत होते, आपल्यावर लक्ष कोण ठेवतंय म्हणून.

कात्री कठड्याआड बसून पोट धरून हसली. हे तिचं होतं. सबंध वसाहत तिच्या एका ओळीवर नाचत होती, आणि पाहुणीला पत्ताही नव्हता. फक्त हे कुणाला सांगता येत नव्हतं, एवढंच वाईट होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी लंबू जिन्यातच पोट धरून खाली बसला.

"वा!" बटण म्हणाला. "पाय पण थरथरव की!"

लंबूचे पाय थरथरतच होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणी म्हणाली, असा अभिनय तिच्या शाळेतल्या नाटकातही कुणी केला नव्हता. मग लंबूनं जिन्यातच उलटी केली, आणि टाळ्या थांबल्या.

दुपारपर्यंत जुळे भाऊ आडवे झाले. त्यांच्या आजीला आधी तो खेळच वाटला होता. तिनं त्यांच्या मनगटावरचे रुग्ण-पट्टे बघून कौतुक केलं होतं आणि वर लाडू हवा का विचारलं होतं. संध्याकाळी नळावर पहिली आलेली मुलगी, मग तिची बहीण. सगळ्यांचं एकच. पोटात कळा, उलट्या, जुलाब. जिवावरचं काही नव्हतं, पण घराघरातून बादल्यांचे आवाज येत होते आणि कुणीही हसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरी काका आले. ते वसाहतीचे सेक्रेटरी, बागेतल्या हिरवळीचे मालक असल्यासारखे वागणारे, आणि आवाज असा की त्यांना कधी माइक लागला नाही. त्यांच्यामागे लंबूची आई होती आणि आणखी चार-पाच आया.

मुलांच्या हातात रसायनं दिली गेली आहेत, असं काकांनी दारातूनच जाहीर केलं. बाटल्यांत नीळ होती हे तुमच्याच घरातली मुलं कबूल करतात. मुलं म्हणजे मुलं, एकानं बूच उघडलं असणार, बाकीच्यांनी चाखलं असणार. मुलं शपथेवर सांगत होती की बाटली कुणी उघडली नाही. पण घाबरलेल्या आयांनी बाटल्या सकाळीच कचऱ्यात टाकल्या होत्या आणि कचरागाडी केव्हाच निघून गेली होती. आता मेण फुटलं होतं की नव्हतं हे कोण सांगणार?

"ही कल्पना कुणाची?" लंबूच्या आईनं विचारलं.

"माझी," पाहुणी म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही आणि दुसऱ्या कुणाचं नावही घेतलं नाही.

वाढदिवस रद्द झाला. आरोग्य खात्याच्या डॉक्टरबाईंना उद्या संध्याकाळी बोलावलं आहे, त्यांच्यासमोर या मुलीनं उत्तर द्यायचं, असं काकांनी सांगितलं. ते गेल्यावर आईनं मामाला फोन लावला. मामा म्हणाला, उद्या येतो आणि घेऊन जातो. आई दारामागे उभी राहून बोलत होती, पण घर लहान होतं आणि सगळं सगळ्यांना ऐकू आलं.

पाहुणी बॅग भरायला लागली. कात्री खोलीच्या दारात उभी राहून बघत राहिली.

खरं सांगायचं तर कात्रीला आनंद झाला. चांगला भरभरून झाला. गेली ब्याद, आता टेबलाशी जुन्याच खुर्च्या. पण हा आनंद काही फार वेळ टिकला नाही. पाहुणी रडत असती तर बरं झालं असतं. ती फ्रॉकच्या घड्या घालत होती आणि एकच घडी पुन्हा पुन्हा घालत होती. मग तिनं विचारलं, "लंबूला बरं आहे का गं आता? मला कुणी सांगत नाहीये."

कात्री बाहेरच्या खोलीत आली. भिंतीवरचा नकाशा अजून काढला नव्हता. निळ्या टाचण्या तशाच होत्या. सहज म्हणून तिनं आजारी मुलांच्या घरच्या टाचण्या वाकवायला घेतल्या. लंबू. जुळे. दोघी बहिणी. पुढच्या दोन इमारतींत एकेक टाचणी वाकत गेली. मागच्या इमारतीपाशी आल्यावर तिचा हात थांबला.

मागच्या इमारतीत एकही आजारी नव्हतं. बाटल्या तिकडेही गेल्या होत्या. नीळ तीच, मेण तेच, पत्रही तेच.

नाही. पत्र तेच नव्हतं.

मागच्या इमारतीची पाकिटं आधीच गेली होती. त्या पत्रांवर लाल ओळ नव्हती. त्या मुलांनी नळावर चुळा भरल्या नव्हत्या.

हा फरक जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक होता. ते माणूस गप्प बसलं तर उद्या पाहुणी गाडीत बसेल, नीळ बदनाम होईल, आणि कात्रीला कुणी काही विचारणार नाही. मग तिच्या मनात आलं की नळ तर अजून तिथेच आहे, आणि उद्या सकाळी पुन्हा कुणीतरी त्याला तोंड लावेल. ती खोलीत गेली आणि पाहुणीला सगळं सांगून टाकलं.

पाहुणी लालबुंद झाली. "माझ्या पत्रांवर तू लिहिलंस? मला न विचारता?"

"हो."

"काय लिहिलंस?"

कात्रीनं शब्दन् शब्द म्हणून दाखवला. पाहुणी ऐकत राहिली. तिच्या कपाळावरची आठी आणखी खोल गेली.

"तीन खणखणीत चुळा," ती चिडून म्हणाली. "आमचं तुमच्यावर लक्ष आहे. शी! हे मला का नाही सुचलं? सबंध पत्रात तेवढीच ओळ चांगली आहे."

कात्रीला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती सगळं संकट विसरली.

"पण ओळीनं पोट बिघडत नाही," पाहुणी म्हणाली. "पाण्यानं बिघडतं. चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं फाटकापाशी गेले. नळ नेहमीसारखाच दिसत होता. बटणानं तो सोडला आणि पाण्याचा फवारा त्याच्या तोंडावर उडाला. त्यानं तोंड घट्ट मिटलं, हे नशीब. कात्री म्हणाली, सुट्टी लागायच्या आधी याच नळाखाली बादली लावून चांगल्या गप्पा मारून यावं लागायचं, इतकी बारीक धार होती. याला एवढा जोर आला कुठून? पाहुणीनं हातावर पाणी घेऊन हुंगलं आणि कात्रीपुढे धरलं. ओल्या फडक्याला येतो तसा पुसट वास होता.

नळाच्या मागे जमिनीवर सिमेंटचा नवा, फिकट पट्टा होता. तो पायवाट ओलांडून सरळ बागेकडे गेला होता आणि हिरवळीच्या कडेला हिरव्या पाइपपाशी संपला होता. हिरवा पाइप म्हणजे काय, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. सेक्रेटरी काकांनी भाषण करून सांगितलं होतं. तिन्ही इमारतींतलं आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी मागच्या टाकीत जमा होतं, गाळलं जातं, आणि सकाळ-संध्याकाळ पंप सुरू झाला की या पाइपातून हिरवळीला मिळतं. झाडांना ते चालतं. माणसांना नाही.

तेवढ्यात रोज बागेत फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांची सून बाजारात जाताना दिसली. कात्रीनं चौकशी केली. आजोबांचंही पोट बिघडलं होतं. फेऱ्या मारून झाल्या की ते या नळावर चूळ भरून मगच घरी यायचे. त्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं आणि बाटलीही नव्हती.

कात्रीनं घरी जाऊन आईला सांगितलं. अगदी लाल ओळीसकट. रागवायचं ते नंतर रागवू, आई म्हणाली, आणि तिनं आधी सेक्रेटरी काकांना फोन केला. काका उखडले. फाटकाचा नळ पिण्याच्याच लाइनवर आहे, मुलांचं ऐकून माझ्यावर काय घसरता, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"यांना दिसल्याशिवाय पटणार नाही," कात्री म्हणाली.

पाहुणी नकाशाकडे बघत नखं खात होती. "मग दाखवू या. नीळ उरली आहे का?"

नीळ उरली होती, डबा भरून. मागच्या टाकीच्या झाकणाला कुलूप होतं, पण इमारतींचं पाणी ज्या उघड्या चरातून टाकीत पडायचं तो चर जाळीपलीकडे हाताच्या अंतरावर होता. आई स्वतः बरोबर आली. ती म्हणाली, एकट्यांनी टाकीपाशी जायचं नाही, आणि नीळ माझी आहे. सगळा डबा चरात गेला. पाणी आधी गडद निळं, मग जवळजवळ काळं दिसायला लागलं आणि गुपचूप टाकीत उतरलं. पिण्याचं पाणी दुसऱ्याच टाकीतून यायचं, तिला काही होणार नव्हतं.

संध्याकाळी काका फाटकापाशी आपली पांढरीशुभ्र गाडी धूत होते. ते काम ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. साबणाचा फेस लावून झाला होता. पंप नुकताच सुरू झाला होता. डॉक्टरबाई आल्या, त्यांच्याभोवती आया जमल्या, आणि त्याच वेळी मामाही फाटकातून आत आला. पाहुणीची बॅग आईच्या पायाशी होती.

काकांनी एका हातात रबरी नळी धरूनच सुरुवात केली. हीच ती मुलगी, बाटल्यांत रसायनं, पालकांचं लक्ष नाही. पाहुणी ओठ आवळून उभी होती.

बोललं की सगळ्या आया आपल्याकडे वळणार, हे कात्रीला दिसत होतं. मगरीच्या काकूही तिथेच होत्या.

"बाटल्यांचा काही संबंध नाही," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "मुलांना या नळावर चुळा भरायला मी सांगितलं. पत्रात खाली मी लिहिलं होतं, हिला न सांगता. हिला माहीतच नव्हतं."

लंबूची आई वळली. तिच्या चेहऱ्याकडे कात्रीला बघवेना. का लिहिलंस, असं तिनं विचारलं.

"सगळे हिचंच कौतुक करत होते म्हणून," कात्री म्हणाली.

तेवढ्यात काकांना जोर चढला. घ्या, म्हणाले, एकीच्या दोघी झाल्या. आणि आता नळावर ढकलतायत.

"काका, हा नळ पिण्याचा आहे ना?" कात्रीनं विचारलं.

"शंभर टक्के. माझ्या शब्दावर," काका म्हणाले आणि सगळ्यांना दाखवायला त्यांनी नळ पूर्ण सोडला. नळीचं तोंड गाडीकडे होतं.

आधी स्वच्छ पाणी आलं. काका डॉक्टरबाईंकडे बघून हसले. मग पाणी आकाशी झालं. मग नळी एकदा गुरगुरली आणि शाईसारखा गडद लोट पांढऱ्या गाडीवर आदळला. काचेवरून, दारांवरून, चाकांवरून निळे ओघळ वाहायला लागले. काकांनी घाबरून नळी फिरवली, ती नेमकी स्वतःच्याच शर्टावर. साबणाच्या फेसासकट ते पायापर्यंत निळे झाले.

"आम्ही नीळ बागेच्या टाकीत टाकली होती," पाहुणी डॉक्टरबाईंना म्हणाली. "पिण्याच्या नाही. विचारा ना आत्याला."

डॉक्टरबाईंनी नळ बंद केला, पाण्याचा नमुना एका बाटलीत घेतला, आणि काकांना शांतपणे विचारलं की जोडणी कुणी बदलली. काका आधी प्लंबरवर घसरले. प्लंबरला कुणी सांगितलं, असं लंबूच्या आईनं विचारलं. तेव्हा बाहेर आलं. गाडी धुवायला नळाला जोर नव्हता. बागेच्या पाइपला जोडून टाक, असं काकांनीच सांगितलं होतं. 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी लावायची होती, ती राहून गेली. आणि मुलं आजारी पडल्यावर तोंडातून काढायची हिंमत झाली नाही. हे सांगताना त्यांना पहिल्यांदाच माइक लागला असता.

त्याच संध्याकाळी नळाला कुलूप लागलं आणि जोडणी तोडायला माणसं आली. मुलांना कुठलं औषध द्यायचं हे आता डॉक्टरबाईंना नेमकं कळलं होतं. काकांनी लंबूच्या आईची माफी मागितली, मग पाहुणीची. निळ्या शर्टातच मागितली, कारण बदलायला कुणी जाऊ दिलं नाही. मामानं बॅग उचलून पुन्हा घरात नेऊन ठेवली.

मुलं हिंडूफिरू लागल्यावर वाढदिवस झाला. डॉक्टरबाईंनाही बोलावलं होतं. त्या भिंतीवरच्या नकाशासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हीही साथीचा शोध असाच घेतो. कोण आजारी पडलं हे सगळेच बघतात. कोण पडलं नाही, हे बघायला डोकं लागतं. तुम्ही आणखी दोन दिवस गप्प राहिला असतात तर आजोबांसारखी माणसं फार आजारी पडली असती. शाबास. हे डोकं कुणाचं?

सगळे पाहुणीकडे बघायला लागले. मामा, बाबा, मगरीच्या काकूसुद्धा. सवयच लागली होती त्यांना.

"हिचं," पाहुणी म्हणाली आणि कात्रीला दंडाला धरून पुढे ओढलं. "नकाशा माझा होता. मी तो रोज बघत होते, मला काही दिसलं नाही. हिला दिसलं. आणि सगळ्यांसमोर बोललीही हीच."

टाळ्या झाल्या. आईचे डोळे भरून आले, मगरीच्या काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सुट्टी लागल्यापासून जे हवं होतं ते सगळं एकदम मिळालं होतं. कात्री मध्यभागी उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की नीळ टाकायची कल्पना पाहुणीची होती, आणि हे सांगायची वेळ आता तिची आहे. तिनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"नीळ टाकायचं हिला सुचलं," ती शेवटी म्हणाली, जरा जास्तच मोठ्यांदा.

सगळे हसले, टाळ्या पुन्हा झाल्या. कात्रीचे कान लाल झाले होते. एवढं एक वाक्य काढताना तिला घाम फुटला होता. पाहुणीनं मात्र तेच किती सहज म्हणून टाकलं होतं, पाणी प्यायल्यासारखं. असं हिला जमतं तरी कसं? कात्रीला तिचा पुन्हा हेवा वाटला, आधीच्यापेक्षाही जास्त. पण आता हेवा करायला ती निदान सुट्टी संपेपर्यंत इथेच असणार होती, आणि याचा कात्रीला मनापासून आनंद झाला.